फादर गाव सोडून गेले, असं मी सांगितलं

आमच्या गावात ज्यांना सगळे फादर म्हणायचे, ते मी लग्न होऊन आले तेव्हा फादर राहिलेलेच नव्हते. मिशनने त्यांची बदली कुठं तरी लांब केली, हे गेले नाहीत, आणि पाद्र्याचा झगा परत करून साध्या धोतर-सदऱ्यावर इथंच राहिले. का राहिलात असं विचारलं तर म्हणायचे, "झगा धुवाले पाणी लई लागते, माय. तुमच्या विहिरीत कुठं हाय तेवढं?" माणूस समुद्रकाठचा, पण बोली आमची उचललेली. खरं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही फार खोदलं नाही. राहिले ना, मग झालं.

गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूच्या अंगाला, अगदी वऱ्हाडच्या हद्दीवर. निजामाच्या काळात इथं करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला. राज्य विलीन झालं, नाका उठला आणि त्याची दगडी खोली ओस पडली. तिथं फादरांनी आपली औषधाची पेटी मांडली. ताप, खरूज, विंचू, कापूस वेचताना चिघळलेली बोटं, सगळं त्या खोलीत. सकाळी दारात रांग आणि दुपारी हे पायी शेजारच्या गावांना.

बाळंतपणात परका पुरुष घरात येणं आमच्याकडे शक्यच नव्हतं. त्यावर त्यांनीच तोड काढली होती. दाराला लुगड्याचा पडदा लावायचा. आत सुईण, आणि फादर ओसरीवर दाराकडे पाठ करून बसलेले. सुईणीनं दिसेल ते मोठ्यानं सांगायचं, यांनी काय करायचं ते बाहेरून सांगायचं. सुई टोचायची असली तर बाळंतिणीनं पडद्याखालून हात बाहेर काढायचा. तेवढ्यापुरते वळायचे. आमच्या सुईणीला आधी याचा भारी राग, पण दोन वर्षांत तीच म्हणायला लागली, "तो मांगं बसला असला म्हंजे माह्या हाताले बळ येते."

माझी आधीची दोन मुलं गेली होती. दोन्ही बाळंतपणं माहेरी, आणि तिथं ओसरीवर असं बसणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी घरात सांगून टाकलं की मी माहेरी जाणार नाही. सासूबाई पुटपुटल्या, पण ऐकलं. मी जात्याच काळजीखोर. घरात मांजर शिंकलं तरी मी देवापुढं दिवा लावायची. त्यात सातवा महिना लागला आणि हैदराबाद राज्याचीच वाटणी होणार म्हणून बोलवा उठली. मराठी मुलूख मुंबईकडे जाणार, तेलुगू आंध्राकडे, आणि आम्ही मधे कुठं, ते पटवाऱ्यालाही माहीत नव्हतं. बाजारातून कुणी तरी ऐकून आलं की आता ज्याला त्याला आपापल्या राज्यात धाडणार. सगळ्यांची नजर फादरांकडे गेली. त्यांच्याकडे इथला म्हणावा असा एकही कागद नव्हता.

मग तहसिलीचा चपराशी आला. फादरांच्या नावाची नोटीस घेऊन.

आमच्या गावाची एक जुनी रीत होती. सरकारी कागद हातात घ्यायचा नाही. कागद हातात घेतला की लागू झाला; नाही घेतला तर तो चपराशाच्या पिशवीत बिचारा हेलपाटे घालतो. निजामाच्या वेठबिगारीतून म्हणे याच युक्तीनं गाव एकदा अख्खा हंगाम सुटलं होतं. त्यामुळं चपराशी दिसला की पुरुष शेतात, बाया तोंडावर पदर घेऊन "धनी घरी नाहीत जी" म्हणायला तयार. पहिल्या खेपेला त्याला पाटलाच्या घरून परत धाडलं. दुसऱ्या खेपेला सुईणीनं. फादरांना यातलं काही सांगायचं नाही हे न बोलताच ठरलं होतं. ते असे होते की कागद स्वतः मागून घेतला असता.

तिसऱ्या खेपेला तो दुपारच्या वेळी आला आणि मी पाण्याची घागर घेऊन त्याच खोलीसमोर उभी होते. फादर शेजारच्या गावी गेलेले. आठवा महिना संपत आलेला. चपराशी घामाघूम, वैतागलेला. म्हणाला, "कहाँ है वो? आज तामील किए बगैर नहीं जाऊँगा."

नुसतं "घरी नाहीत" म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण मला वाटलं, हा रोज रोज येणार, आणि एक दिवस फादर समोर सापडणार. मी म्हणाले, "ते त गाव सोडूनच गेले जी. लई दिवस झाले."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यानं ओट्यावर बसून उर्दूत काही तरी खरडलं आणि शाईची डबी माझ्यापुढं धरली. मी अंगठा दिला. खोटं कशाला सांगू, घागर घेऊन घरी जाताना मी खूश होते. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी शाबासकी दिली.

पंधरा दिवसांनी गिरदावर आला, पटवाऱ्यांच्या वरचा महसुली अंमलदार, सोबत दोन माणसं. कागदोपत्री खोली रिकामी होती. त्यांनी दार बंद केलं, कुलूप घातलं आणि त्यावर लाखेचं सील ठोकलं. औषधाची पेटी आत. तेव्हा पटवाऱ्यानं गिरदावराजवळचा कागद वाचला आणि आम्हाला कळलं की नोटिशीत हाकलायचं काही नव्हतंच. नाक्याच्या खोलीत कोण राहतं आणि काय करतं, एवढंच विचारलं होतं. तेवढं येऊन सांगा, खोली तुमच्याकडे ठेवू, असं लिहिलं होतं.

ऐकलं आणि माझ्या पोटात कळ आली. मला वाटलं भीतीची आहे. ती भीतीची नव्हती.

दुपार कलता कलता फादर आले. कुलूप बघितलं म्हणे, पण थांबले नाहीत. आमच्या ओसरीवर येऊन दाराकडे पाठ करून बसले. मला आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, नेहमीसारखाच. "पाय दिसते का डोस्कं?" "डोस्कं," सुईण म्हणाली. मी मात्र दातावर दात धरून एकच घोकत होते: पेटी आत आहे, पेटी आत आहे, आणि ती मी आत ठेवली आहे.

मुलगी झाली. रडली. पण रक्त थांबेना. सुईणीनं आधी हळू सांगितलं, मग ओरडून सांगितलं. तिनं पडदा सारून बघितलं. ओसरी रिकामी. फादर उठून गेले होते. आणि मग नाक्याकडून दगडाचे घाव ऐकू आले, कुलपावर घातलेले, एक, दोन, कितीतरी. पटवारी हात जोडत मागं धावत होता, "फादर, सील नका तोडू, तुमच्यावर कलम लागंल!" हे मला नंतर कळलं. मला आठवतं ते स्पिरिटचा वास आणि फादरांचं "हात दे, माय."

मी हात बाहेर काढला. शाई लावलेला तोच हात.

दुसऱ्या दिवशी त्यांना आदिलाबादला नेलं. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मला एक घास गोड लागला नाही. दहाव्या दिवशी ते चालत आले. ताकीद देऊन सोडलं होतं, आणि खोलीचा निकाल होईपर्यंत तिथं राहायला हरकत नव्हती. निकाल कधी झालाच नाही. आम्ही आंध्रात गेलो, फाईल या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिली आणि फादर खोलीत राहिले ते शेवटपर्यंत. तालुके मोडून लहान लहान मंडलं झाली, शाळेतली मराठी पुस्तकं कमी होऊन तेलुगू वाढली, आणि ते आपले लोकांच्या ओसरीवर दाराकडे पाठ करून बसतच होते. ज्या पोरींच्या जन्माला बसले, त्यांच्या बाळंतपणालाही बसले. माझ्या मुलीच्यासुद्धा.

मी रोज त्यांना भाकर नेऊन द्यायची. रोज वाटायचं, आज विचारतील. अंगठा कुणाचा होता, हे कचेरीत त्यांना नक्की दाखवलं असणार. ते भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे, पाऊस लांबला म्हणायचे. मी घरी येऊन सुटल्यासारखा श्वास घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतकी वर्षं.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा एका सकाळी खोलीत मी एकटीच होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"फादर, तो अंगठा माहा होता."

"मले मालूम हाय. पैल्याच दिवशी दाखवला त्यायनं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"मी परतलो तवा दहा दिवसांची बाळंतीण तू. दूध आटलं असतं तुझं."

"अन मंग? नंतर?"

ते हसले, थोडे ओशाळून. "नंतर तू रोज भाकर आणत होती. मले वाटे, इचारलं त शरमेनं येणं बंद करशील. ना घर ना दार, ना मिशन. एक तुझंच येणं होतं रोजचं."

मी हात जोडले. म्हटलं, फादर, मला माफ करा, माफ केलं असं तुमच्या तोंडानं एकदा म्हणा.

"ते काम मी झग्यासंगंच वापस केलं, माय," ते म्हणाले. "भाकर इकडं दे."

मी भाकर कुस्करून दुधात भिजवली आणि त्यांना भरवू लागले. इतकी वर्षं मी या दारात भीत भीत येत होते, आणि आत बसून तेही भीत होते. मला फार रडू आलं.