अर्धा ॲम्पियर

आमच्या शेजारच्या गृहस्थांना अख्खी इमारत 'काटा' म्हणते. तोंडावर काटेसाहेब, पाठ फिरली की नुसतं काटा. जन्मभर दगडखाणीच्या नाक्यावर लॉऱ्यांचा वजनकाटा सांभाळला. भरलेल्या लॉरीतून रिकामी लॉरी वजा, उरेल तो माल. निवृत्त झाले तेव्हा लॉऱ्या तिकडेच राहिल्या, वजाबाकी मात्र घरी आली. लग्नात बायकोनं हार घातला तेव्हा यांनी मान हलवून त्याचं वजन सांगितलं होतं, असं मी सांगत असतो. बायकोला विचारा, ती नाही म्हणत नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना कमी ऐकू येतं. काड्यापेटीएवढं यंत्र कपड्याला अडकवलेलं, त्याची वायर कानात आणि पोटात एक पेन्सिल सेल. सेल उतरला की भरायला स्वयंपाकघरात चार्जर, कायम भिंतीला चिकटलेला. एकदा विजेचं बिल जरा फुगलं आणि साहेबांची नजर नेमकी त्या चार्जरवर पडली.

पाठीवरची बारीक अक्षरं वाचली: दोनशे तीस व्होल्ट, अर्धा ॲम्पियर. गुणाकार झाला, एकशे पंधरा वॅट. त्याला दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस लावले आणि जेवताना निकाल जाहीर केला. "महिन्याला ऐंशीच्या वर युनिटं! एवढ्यात दुसरा फ्रिज चालला असता."

"अहो, आईसमोर काय बोलताय?" बायको म्हणाली.

"मी आकडा बोलतोय. आकड्याला सासू नसते."

यंत्र लावलेलंच होतं. सासूबाईंनी घास गिळला. दुसऱ्या दिवशी यंत्र डब्यात गेलं. "टोचतं गं कानाला," असं लेकीला सांगितलं. मग समोरच्याच्या ओठांकडे बघायचं आणि अंदाजानं "हो, बरंय" म्हणायचं. साहेब खूश. मला म्हणाले, "घर कसं शांत झालंय!"

महिना व्हायच्या आत खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर आली. मी साहेबांसोबत तिथेच चहा पीत बसलो होतो. मी कुठे नसतो? ती सासूबाईंजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आजी, माझा दादा गेला हो."

सासूबाईंचा चेहरा फुलला. "आला? बरं झालं बाई! आता लगेच सोडू नकोस हं त्याला. चांगला महिनाभर ठेवून घे!"

शिंपीणबाईनं हात सोडवून घेतला. तडक जिना उतरून गेली. लेकीनं आईच्या कानाशी ओरडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"यंत्र कुठंय तुझं?"

"डब्यात. फ्रिजएवढी वीज खातं गं ते."

आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भिंतीकडे.

पण माणूस हट्टी. सकाळी मला बोलावलं, म्हणे आकडा सिद्धच करतो. घरातलं सगळं बंद केलं, एकटा चार्जर सेल घालून चालू ठेवला आणि आम्ही दोघं मीटरपुढे उभे. त्यावरचा लाल दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तसं मीटरवरच छापलंय. "माझ्या हिशेबानं दर दहा सेकंदांनी लुकलुकायला हवा," साहेब म्हणाले.

दहा सेकंद गेली. मिनिट गेलं. "झोपला वाटतं," मी म्हटलं. तीन मिनिटांनी दिवा एकदा लुकलुकला. पुन्हा तीन मिनिटं काही नाही.

"अहो, लॉरी," ते एकदम पुटपुटले.

लॉरीच्या दारावर रंगवलेला आकडा म्हणजे ती जास्तीत जास्त किती वाहील तो. आज आत माल किती, हे काट्यावर चढल्याशिवाय कळत नाही. नाक्यावर येणाऱ्या प्रत्येक नवख्या ड्रायव्हरला त्यांनी हे दरडावून शिकवलं होतं. आणि स्वतः चार्जरच्या दारावरचा आकडा माल समजून बसले! त्यातच बायको आतून म्हणाली, "आणि चोवीस तास कुठून आणलेत? आई सेल भरला की बटण बंद करायची." सगळं मिळून महिन्याला अर्धं युनिटसुद्धा होत नव्हतं.

भरलेला सेल घेऊन साहेब सासूबाईंसमोर गेले. यंत्र लावून झाल्यावर काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, जावईबापू."

"आई, हिशेब चुकला माझा."

"अजून मोठ्यानं."

तिसऱ्यांदा म्हणाले ते वरच्या मजल्यानंही ऐकलं. सासूबाई हसल्या मात्र नाहीत. "मला काय सांगता? त्या पोरीला सांगा. तिला वाटतंय, मी तिच्या भावाच्या मरणावर हसले."

एकट्यानं जायचा धीर नव्हता, म्हणून मला नेलं. शिंपीणबाई मशीनवर होती, गळ्यात टेप. साहेब उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आजींना ऐकू आलं नव्हतं. त्यांचं यंत्र... माझ्यामुळे बंद होतं."

"तुमच्यामुळे? का?"

"वीज वाचवायला."

तिनं पाय मशीनवरून काढला. "किती वाचली?"

ज्याला आकडा विचारायचा अवकाश की उत्तर तयार, तो माणूस आपल्या चपलांकडे बघत राहिला. कान लाल, अगदी मानेपर्यंत. मलाही त्या वेळी काही विनोद सुचला नाही.

 शेवटी तिनंच कापड पुन्हा सुईखाली सरकवत म्हटलं, "संध्याकाळी आजींना पाठवा. दादाबद्दल सांगायचंय त्यांना."