मामाची नाचणारी घोडी

आमच्या घोडीच्या पुढच्या पायाची शीर दुखावली तेव्हा साखरखेर्ड्यात तिला भेटायला जेवढी माणसं आली, तेवढी माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनलाही आली नव्हती. प्रत्येकाजवळ औषध होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. मी मात्र सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचो: वरातीत नाचताना टँकरच्या सांडलेल्या पाण्यावरून ती घसरली. टँकरवाला परगावचा, त्यामुळे त्याच्यावर ढकलणं सोयीचं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी चार महिने विश्रांती सांगितली. त्यानंतर मऊ मातीत रोज अर्धा तास नुसतं चालवायचं; पळवणं नाही, नाचवणं तर मुळीच नाही. मी शहाण्यासारखी मान हलवली. चार महिने सरले, चालवायची सुरुवात करणार, तेवढ्यात देऊळगाव राजाहून बहिणीचा फोन आला. भाच्याचं लग्न ठरलं होतं.

"सख्ख्या मामाची घोडी असून माह्या पोरानं दुसऱ्याच्या घोडीवर मारोतीले जावं काय? लोक काय म्हणतीन मले?"

"अवं, पाय दुखावला तिचा."

"चार महिने बसून खाल्लं ना? आता तं नाचन ते!"

मी "पाहतो" म्हणालो. आमच्या घरात बहिणीला "पाहतो" म्हणणं म्हणजे होकारच.

पहिले आठ दिवस बरे गेले. तूर निघून शेत रिकामं झालं होतं. मी दोर धरून पुढे, घोडी मागे. ती माती हुंगायची, मध्येच थांबायची, पुन्हा सरळ चालायची. मला ते इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. गावाला मात्र हे पटेना. घोडी आणि तीही मुकाट चालणारी, म्हणजे वाया गेलेलीच.

नवव्या दिवशी बांधाशेजारचा शेतकरी आला. या गृहस्थाने जन्मात शेळीपलीकडे काही पाळलं नाही, पण घोड्यांबद्दल त्याचा शब्द शेवटचा.

"नाच विसरली का काय, पाहू तं," म्हणत त्याने मोबाईल काढला आणि वरातीतलं डफडं लावलं.

घोडीने दुखरा पाय उचलला. टेकवला. पुन्हा उचलला.

"पाहा! गाणं समजते तिले!" तो टाळ्या वाजवू लागला.

हे वाक्य मीच दर लग्नात मिशीला पीळ देऊन सांगत आलो होतो. पण वरातीच्या गर्दीत जे दिसत नाही, ते रिकाम्या शेतात दिसलं. तिचे कान मागे चिकटले होते. सकाळच्या गारव्यात मान घामाने ओली झाली होती. आणि नजर मोबाईलकडे नव्हतीच, माझ्या उजव्या हाताकडे होती. दोन वर्षं त्या हातात बारीक छडी असायची. पायाच्या नळीवर ठक, की पाय वर. पुन्हा ठक, पुन्हा वर. याला मी शिकवणी म्हणायचो. आज त्या हातात गुळाचा खडा होता, तरी ती पाय उचलतच होती. मला माझीच शिसारी आली.

"बंद कर ते!"

"काऊन? मस्त नाचून राह्यली ना!"

"बंद कर म्हणतो ना बे!"

घरी येऊन बहिणीला फोन लावला. सांगितलं, की पाणीबिणी काही सांडलं नव्हतं. घोडी आधीच लंगडत होती. लोक शूटिंग करत होते, म्हणून मी आणखी एकदा छडी लावली.

बहीण म्हणाली, "मंग पोराले काय सांगू?"

"सांग, मामा येईन. घोडी नाही येणार."

लग्नात दुसऱ्या कोणाची तरी घोडी आली. सुरेख नाचली. नवरदेवाचा मामा म्हणून मी फेटा बांधून अगदी तिच्याजवळ उभा होतो. तिचा मालक माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, "हिले गाणं समजते, मामा." त्याच्या उजव्या हातात छडी होती. मी तोंड उघडलं, पण डीजे जोरात होता, पाहुणे खुशीत होते आणि बहीण माझ्याकडेच पाहत होती.

"मामा, नाचा ना!" कोणीतरी माझा हात ओढला. समोर मोबाईल धरलेले होते.

मी पाय उचलला.