गौतमभाऊंचे चेहरे: नागपूर ते वडसा

"चित्रं घेऊन जा. लवकर ये." एवढाच निरोप मोबाइलवर आला. टाइप केलेला, कारण गौतमभाऊंचं बोलणं आता फोनवर कुणाला कळत नाही. चित्रकला महाविद्यालयात ते मला सीनियर होते. मी नागपुरातच शाळेत चित्रकला शिकवायला लागले. ते वडशाला परत गेले आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, गल्ली, नदीचा घाट. उरलेल्या कापडावर मात्र ते स्वतःचा चेहरा काढत. तोंडाच्या कॅन्सरनंतरही त्यांनी ते थांबवलं नव्हतं. त्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं मी कबूल केलं होतं. नाताळची सुट्टी लागली तशी निघाले.

नागपूरहून सकाळची चंद्रपूर बस पकडलीत तर थंडीत डावीकडची खिडकी घ्या, ऊन मिळतं. वरोऱ्याला बस थांबते, चहा तिथेच उरकावा. मी भद्रावतीला उतरले. हाताशी वेळ असेल तर इथली लेणी जरूर पाहा. मी गेले ती गौतमभाऊंच्या थोरल्या बहिणीकडे, कमलबाईंकडे.

कमलबाईंच्या बैठकीत, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, भाऊंचं कॉलेजातलं पहिलं आत्मचित्र आहे. विशीतला पोरगा, तेल लावून मागे वळवलेले केस, डावा गाल खर्ऱ्याने फुगलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटला की त्याचा खर्रा होतो, आणि आमच्याकडे चहाआधी तोच पुढे केला जातो. भाऊंनी तो गाल लपवला नव्हता, उलट त्याच्यावर सगळ्यात जास्त उजेड पाडला होता. चित्रातल्या पोराला वाटतं की जग आपल्याला पाहायला थांबलंय.

"बाकीचे मी पाह्यले नाई," कमलबाई म्हणाल्या. "पाहणारबी नाई. माह्या भावाचं तोंड हे आहे."

प्रदर्शनासाठी हे चित्र त्यांनी दिलं नाही. मीही दुसऱ्यांदा मागितलं नाही.

रात्री चंद्रपूरला मुक्काम केला. सकाळी ऑटोने चांदा फोर्ट स्टेशनवर गेले. गोंदियाकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी विचारून घ्या आणि डबा सोबत ठेवा. मूलपर्यंत जंगल खिडकीला घासत येतं. वाळलेल्या सागाची पानं, धुकं, मध्येच कापलेल्या धानाची बांधी. पर्यटक इथे वाघ शोधतात. डब्यातली माणसं मात्र वाघाने गेल्या महिन्यात कुणाला नेलं ते हलक्या आवाजात बोलत होती. समोरचा माणूस तळहातावर पन्नी घासत होता. त्याने सवयीने माझ्यापुढे केली, मग हसून हात मागे घेतला. हसताना त्याचं तोंड पुरतं उघडलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. वैनगंगेचा पूल आला आणि पाठोपाठ वडसा.

स्टेशनसमोर राहायला साधे लॉज आहेत. डिसेंबरात नाटकांचा सीझन असतो, तेव्हा खोली आधी ठरवा. गावभर नाटकांची पोस्टरं, राइस मिलचा तूस हवेत. भाऊंचं घर रेल्वे लाइनीपलीकडे. दार विशाखावहिनींनी उघडलं.

गौतमभाऊ बाजेवर उन्हात बसले होते. खालचा अर्धा जबडा काढलेला, गालाला छातीचं कातडं जोडलेलं. त्या गालावर छातीचे केस उगवले होते. नाकातून नळी. ते काहीतरी बोलले, मला घशातला घरघराट तेवढा ऐकू आला.

"ते म्हन्ते, तू म्हातारी झाली," वहिनींनी सांगितलं.

मी हसले. भाऊंचे डोळेही हसले.

जेवायला वहिनींनी भात आणि पोपटीच्या शेंगांची भाजी केली होती. भाऊंचं जेवण सिरिंजमधून. मग भाऊ उठले आणि माळ्यावरच्या गुंडाळ्या काढून एकेक उलगडू लागले. वहिनींनीही ही चित्रं एकत्र कधी पाहिली नव्हती. भाऊ कुणालाच दाखवत नसत.

तिशीतला चेहरा, मागे अर्धवट रंगवलेला राजवाडा. मग चाळिशीतला, जबाबदारीने जड झालेला. एकात गमछा तोंडावर. नंतर ऑपरेशनचे टाके, काळे, जाड, मोजून घ्यावेत असे. रेडिएशननंतरची भाजलेली मान. आणि गालावरचे ते केस, एकेक केस वेगळा. कुठेही दया मागितलेली नाही. पण तरुणपणी तो चेहरा समोरच्याकडे पाहायचा, आता फक्त आरशाकडे पाहत होता. या माणसाने हळूहळू जगाशी बोलणंच सोडलं होतं, आणि ते जबडा जाण्याच्या कितीतरी आधी.

शेवटची गुंडाळी भाऊंनी स्वतः उघडली नाही. वहिनींच्या हातात दिली.

त्यात भाऊ तोंड उघडून बसले होते. एका बोटाने गाल ओढलेला. आतल्या लाल मांसावर पांढरा चट्टा, नखाएवढा. अंगात मरून स्वेटर.

वहिनी बराच वेळ त्या स्वेटरकडे पाहत होत्या.

"हा मी विणला होता," त्या म्हणाल्या. "हा तर गाडीत राह्यला. डॉक्टरकडे गेलो त्याच्या आधीच्या हिवाळ्यात." मग भाऊंकडे वळून, "तुमी मले दाढ दुखते म्हनत होते. सालभर. तुमाले माहीत होतं?"

भाऊंनी मान हलवली. हो.

"काऊन नाई सांगतलं?"

ते बोलले. खूप वेळ, थांबत थांबत, लाळ पुसत. वहिनींनी यावेळी मला अर्थ सांगितला नाही. पदर तोंडावर दाबून त्या आत गेल्या. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला वहिनी एकट्याच आल्या. गुंडाळ्या त्यांनी जुन्या साडीत बांधल्या होत्या.

"ते म्हन्ले, भेव लागला," त्या रुळांकडे पाहत म्हणाल्या. "डॉक्टर म्हनन कापा, मंग पडदे कोन रंगवन? सीझन जाऊ दे म्हन्ले. मंग दुसरा सीझन आला. बाजूले मी झोपत होती मॅडम. मले नाई सांगतलं, आरशाले सांगतलं."

"ते चित्रही यात आहे?"

"नाई. ते लोकांसाठी नाई. ते मले सांगाचं होतं, ते माह्यापाशी राहीन."

नागपूरला परतले तेव्हा खांदा दुखत होता. चौकटींवर ताणून घेतलेली चित्रं महिनाभर आमच्या बैठकीत होती. पाहुणे आले की नवरा ती भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, मी परत फिरवायचे. प्रदर्शन फेब्रुवारीत लागलं. भाऊ त्याच्या चार दिवस आधी गेले.

झाडीपट्टी पाहायला जाणाऱ्यांनी जरूर जावं. नाटक पाहा, भात खा, मागच्या पडद्यांकडेही नीट बघा. मला मात्र त्या प्रवासातलं जंगल आधी आठवत नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी विशाखावहिनींचा फोन आला. लोकं येऊन राह्यले का, त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, थोडे येतात. आज एक माणूस आला, टाक्यांच्या चित्रापाशी थांबला, बाहेर जाऊन तोंडातला खर्रा थुंकून आला आणि परत तिथेच उभा राहिला. जाताना दारातच त्याने खिशातली पन्नी काढली आणि घासायला लागला.



"हेबी असेच," वहिनी म्हणाल्या. "थुंकून यायचे, चूळ भरायचे, मंगच आरशासमोर बसायचे."