अंगठेबहाद्दर

ज्याला सही करता येत नाही त्याला लोक अंगठेबहाद्दर म्हणतात. आमच्या गल्लीतल्या अंगठेबहाद्दराला सही येत होती आणि चांगली झोकदार येत होती. प्रत्येक गिटारीच्या पोटात, भोकातून डोकावलं की दिसेल अशा जागी, तो ती पेन्सिलीनं करायचा. नाव पडलं ते अंगठ्यामुळंच, पण कारण वेगळं.

गिटारीला वरची एक फळी असते. तिच्या मधोमध भोक, भोकाच्या खाली घोडी, घोडीला तारा. आवाज खरा त्या फळीचा. ती जाड राहिली तर गिटार ठोकळ्यासारखी बसते, तोंडातून शब्द काढत नाही. पातळ झाली तर तारांच्या ओढीनं आज ना उद्या खचते. यातली मधली जागा कागदाएवढी. ती शोधायला बाकीचे कारागीर यंत्र लावतात. हा गडी फळी दोन्ही हातांनी कडेला धरायचा, दोन्ही अंगठे मध्ये टेकवायचा आणि हळूच वाकवायचा. फळी किती दबली, किती उलटून अंगावर आली, ते अंगठ्यांना कळायचं. मग म्हणायचा, "अजून एक कीस." नाहीतर, "बस. आता हिला हात लावायचा नाही."

समोरच्या घड्याळवाल्यानं हे बघून त्याला अंगठेबहाद्दर ठरवलं आणि गल्लीनं ते उचललं. याच घड्याळवाल्यानं एकदा जाडी मोजायचं पितळी यंत्र त्याला आणून दिलं. "घे, कधी अंगठा संपावर गेला तर उपयोगी पडेल." अंगठेबहाद्दरानं ते खिळ्याला टांगलं. पुढं वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालायच्या. यंत्राचा तेवढाच उपयोग.

घराच्या मागं पत्र्याची एक खोली, तोच कारखाना. आत शिरलं की सरसाचा वास. गरम पाण्याच्या भांड्यात सरसाचा डबा बुडवलेला, भिंतीला रंधे, पटाश्या, शिकंजे, आणि एका कोपऱ्यात उभी नळी. तिच्यात निखारा घालून ती तापवायची आणि भिजवलेली पातळ पट्टी तिच्यावर दाबत दाबत वाकवायची. पट्टी गिटारीच्या कमरेसारखी वळायची. घाई केली की कमर मोडायची. "लाकूड आणि बायको," तो म्हणायचा, "तापल्याशिवाय वळत नाही." त्यावर आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

माळ्यावर कापडात गुंडाळलेलं लाकूड होतं. मागच्या फळीसाठी आणि कडांसाठी काळपट तांबूस शिसव, वरच्या फळीसाठी पांढरं, हलकं देवदार. लेक जन्मली त्या साली घेतलेलं. तिच्यासाठीच. लेक मोठी झाली, शाळेत संगीत शिकवायला लागली, संध्याकाळी एका वाद्यवृंदात वाजवायला लागली, तरी तिच्या हातात बाजारातली, यंत्रावर दाबून बनवलेली प्लायवूडची गिटार. सगळ्या गावाला गिटारी देणाऱ्या बापाची लेक! विचारलं की बापाचं उत्तर ठरलेलं, "तुझं लाकूड वाळतंय."

"बाबा, मी वाळून गेले, तुमचं लाकूड काही वाळेना."

"कच्च्या लाकडाची करून देऊ? उद्या खचली की माझ्याच नावानं खडे फोडशील."

असं म्हणता म्हणता लेकीचं लग्न झालं, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि लाकूड वाळतच राहिलं. खरी गोष्ट अशी की त्याला ती गिटार सगळ्यात चांगली करायची होती, आणि सगळ्यात चांगली करायचा दिवस काही उजाडत नव्हता.

त्याच्याऐवजी दुसराच दिवस उजाडला. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज आली. मग कातडी फाटली. मग डोळे सुजायला लागले, आणि एकदा शिसवावर पाती चालवताना छाती अशी आवळली की वहिनींनी त्याला बखोटीला धरून अंगणात आणून बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं, शिसवाच्या भुशाचं अंगाला वावडं झालंय. जन्मभर श्वासातून गेलेला भुसा आता शरीर घेत नाही. पुढं पुढं कुठल्याच लाकडाचा घेणार नाही. काम बंद करा. छातीचं जे झालंय ते मागं फिरायचं नाही, पण निदान पुढं सरकणार नाही.

"म्हणजे मासा पाण्याला शिंकतो," घड्याळवाला म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याला स्वतःलाही हसू आलं नाही.

वहिनींनी कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. अंगठेबहाद्दर आठवडाभर त्या कुलपासमोर जाऊन बसायचा. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "तिची एक गिटार राहिली."

"राहू दे. लेक गिटारीवाचून मरत नाही. तुम्ही गिटारीपायी मराल."

"वीस वर्षांच्या वर मी तिला झुलवलं. आता काय सांगू, लाकूड वाळलं आणि बाप भिजला?"

वहिनींनी ताट उचललं, धुतलं, पुसलं आणि मग अटी सांगितल्या. शिसवाला त्यानं हात लावायचा नाही, त्याचं काम त्या करतील. देवदाराचं काम तो करील, पण नाकाला जाड कापड आणि हातात रबरी हातमोजे. एकदा जरी मोजे काढलेले दिसले तरी कुलूप.

शिसवाचं काम आम्हा सगळ्यांना पाठ झालं, कारण ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. वहिनी आत, हा बाहेर खिडकीच्या काचेआड, तोंड बांधून.

"डावीकडं वळव! डावीकडं!"

"कुणाची डावी? माझी का तुमची?"

"लाकडाची!"

"लाकडाला डावी असती तर त्यानंच तुम्हाला एक लगावली असती. नीट सांगा."

"दाबू नकोस, नुसती टेकव. वाफ येऊ दे. ऐकू येतंय का, करकर करतंय? थांब. थांब म्हटलं ना!"

"थांबलेच आहे. करकर तुमचीच चाललीय."

पहिली पट्टी मोडली. दुसरी मोडता मोडता वळली. नंतरच्या सरळ वळल्या. जन्मभर याच्या कामाच्या आवाजात स्वयंपाक केलेल्या बाईच्या हातात काही ना काही उतरलेलंच असतं. मागची फळी, कडा, सांधे, सगळं बसलं. काचेपलीकडून त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून एवढं कुणाला मिळालं नव्हतं.

मग त्याची पाळी. देवदाराच्या दोन फळ्या पुस्तक उघडावं तशा जोडल्या आणि रंध्यानं कीस काढायला लागला. नाकाला कापड, हातात पिवळे मोजे. वहिनी दाराशी स्टूल टाकून पहाऱ्याला. कीस पडत गेले. त्यानं फळी उचलली, कडेनं धरली, अंगठे टेकवले, वाकवली. तसाच थांबला. पुन्हा वाकवली.

"काय झालं?"

"काही नाही. जाड आहे अजून."

आणखी एक कीस. पुन्हा वाकवली. पुन्हा एक. वहिनी म्हणाल्या, "अहो, ते पितळी यंत्र आहे की. मोजून तरी घ्या."

"मोजायला मी शिंपी आहे?"

"मोज्यातनं कळतंय ना नीट?"

"या अंगठ्यांना गोधडीतनंसुद्धा कळेल."

वहिनींनी यंत्रावरचं फडकं काढलं, हात पुसले आणि पुन्हा तिथंच वाळत घातलं.

फळीच्या आतून काड्या चिकटवल्या, पोट बंद केलं, मान बसवली, तिच्यावर धातूचे आडवे पडदे ठोकले. पॉलिशच्या वासानं त्याला दोन दिवस अंथरूण धरावं लागलं, म्हणून शेवटचे हात पुन्हा वहिनींनी मारले. तारा चढवायला लेक स्वतः आली. आम्ही चारदोन शेजारी दारात उभे होतो.

तिनं पहिली तार छेडली आणि घड्याळवाल्यानं डोळ्याचं भिंग काढून हातात घेतलं. आवाज असा उसळला की पत्र्याच्या खोलीत मावेना. बोट लागायच्या आधीच गिटार बोलतेय असं वाटायचं. लेक वाजवत होती आणि रडत होती, नाक पुसायला थांबतसुद्धा नव्हती.

"बाबा, अशी तुम्ही कुणालाच नाही दिली हो!"

"बघू," तो म्हणाला आणि हात पुढं केला.

वहिनींचं लक्ष लेकीकडं होतं. त्यानं उजवा मोजा काढला. घोडीच्या पुढं, भोकाच्या अलीकडं, उघडा अंगठा टेकवला आणि किंचित दाबला. एवढंच. मी त्याच्या शेजारीच होतो. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त कुणी पुसून काढावं तसं गेलं. फाटक्या कातडीला पॉलिश झोंबलं असेल, असं मला वाटलं.

"वाजवून झालं की तारा सैल करत जा," तो लेकीला म्हणाला. "दर वेळी. विसरू नकोस."

"का हो?"

"नवी आहे ना. लाडावून ठेव."

आता कळतं की उसळून येणारा तो आवाज पातळ फळीचाच होता. मोज्याच्या रबरानं त्याला तिची खरी लवचिकता कळू दिली नव्हती. रबराची जाडी तो लाकडाच्या खात्यात धरत गेला आणि कीस काढत गेला. उघड्या अंगठ्यानं पहिल्याच दाबात सगळं सांगितलं, पण तोवर पोट बंद झालं होतं. दुसरी फळी करायला लाकूड नव्हतं, आणि लाकूड असतं तरी छाती नव्हती. तारा सैल करून गिटार जेवढी जगेल तेवढी जगवायची, एवढाच उपाय त्याच्याकडं उरला होता आणि तो त्यानं लाडाच्या नावाखाली लेकीच्या गळ्यात घातला.

लेक थोडे दिवस तारा सैल करत राहिली. मग कार्यक्रम लागले, घाई झाली. थंडी संपून ऊन तापायला लागलं तशी ती गिटार घेऊन परत आली. घोडीच्या मागं पोट फुगलेलं, पुढं भोकाजवळ खड्डा, तारा पडद्यांवर घासून खरखरत होत्या. मागची फळी, कडा, सांधे जसेच्या तसे. वहिनींच्या कामाला केसाएवढी चीर नव्हती.

त्यानं गिटार मांडीवर घेतली. तोवर त्याला चार वाक्यं बोलायलासुद्धा मध्ये थांबावं लागत होतं.

"काय झालं हो हिला?" लेकीनं विचारलं.

वहिनी मोरीवर भांडी घासत होत्या. तेच पिवळे मोजे घालून. चांगले होते, टाकायचे कशाला.

"लाकूड कच्चं होतं," तो म्हणाला.

लेकीला आधी हसूच आलं. आयुष्यभर ज्या लाकडाच्या वाळण्याची चेष्टा केली ते कच्चं? मग बापाचं तोंड बघून हसू तिथंच थांबलं. तिनं आईकडं बघितलं. वहिनींचे हात भांड्यावर थांबले होते. त्या आपल्याच हातांकडं, मोज्यांच्या अंगठ्यांकडं बघत होत्या.

"कच्चं होतं म्हणाले ना," वहिनी म्हणाल्या. "मग कच्चंच असेल."

आणि घासायला लागल्या, जरा जास्तच जोरात.

गिटार तारा काढून भिंतीला लावली, ती अजून आहे. लेक पुन्हा प्लायवूडची वाजवते. कारखान्यातले रंधे, शिकंजे कुणी कुणी नेले. पितळी यंत्र घड्याळवाल्यानं परत मागितलं नाही. ते खिळ्यालाच आहे.

परवा मी त्या दोघांबरोबर दवाखान्यात गेलो होतो. बाकावर ओळीनं बसलो होतो. त्याच्या मांडीवर छातीचा नवा एक्स-रे, काळी काच असावी तसा. त्यानं तो पाकिटातून काढला, उजेडाकडं धरलाच नाही. दोन्ही हातांनी कडेला धरला, अंगठे मध्ये टेकवले आणि हळूच वाकवला.

"मोडाल," वहिनी म्हणाल्या.

"नाही मोडणार," तो म्हणाला. श्वास येईपर्यंत थांबला. "जाड आहे अजून."