भरलेली टाकी आणि तहानलेली मादी

टाकी काठोकाठ भरली होती आणि ओरिक्सची मादी लांब उभी राहून नुसती बघत होती. कालपासून ती प्यायली नव्हती. जुनी टाकी तडकली म्हणून आम्हीच फोडली होती. कुंपणात दुसरं पाणीच नव्हतं.

मी रत्नागिरीचा, इथे आखातात रुसैलच्या एका कंपनीत प्लंबिंग फोरमन. वाळवंटातल्या या अभयारण्यात आमचं काम एवढंच: नवी टाकी, तिच्यावर सावलीची जाळी, पाइप आणि फ्लोट व्हॉल्व्ह. फ्लशच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, तोच. पाणी कमी झालं की आपोआप सोडतो. ओरिक्स म्हणजे लांब सरळ शिंगांचं पांढरं हरीण. एरवी पाण्यावाचून बरेच दिवस काढतं. पण ही मादी पाजती होती, पिल्लू तिच्या पायांत घुटमळत होतं.

"दूध आटलं तर बच्चा खलास," रेंजर सालेम हिंदीत म्हणाला.

मी पाणी चाखलं, गोडं होतं. सिमेंटचा वास येत असेल म्हणून टाकी धुऊन पुन्हा भरली. मादी ढिम्म. मग गाडीत बसून बघत राहिलो. वारा पडला की ती चार पावलं पुढे यायची. वारा सुटला की टाकीवरची हिरवी शेडनेट फडफडायची आणि ही उधळायची. नेट ताणून घट्ट बांधली. तरी पाण्यात सावली हलायचीच.

कंपनीच्या बौशरमधल्या मुख्य ऑफिसात आमच्या सावंत साहेबांना फोन लावला. "साहेब, शेड काढतो."

"ड्रॉइंगमध्ये आहे ती. उद्या क्लायंट इन्स्पेक्शनला येतोय. काम अपुरं दिसलं तर तुझी धडगत नाही."

"ड्रॉइंग पाणी पीत नाही, साहेब."

"डोकं फिरलंय तुझं."

"असेल. पण पिल्लू मेलं तर इन्स्पेक्शन कसलं करणार?"

फोन ठेवला. मनातून टरकलोच होतो. नोकरी गेली तर व्हिसाही जातो. पण त्या पिल्लाकडे बघून राहवेना. "यल्ला, चल सालेम," म्हटलं आणि स्पॅनर घेतला. नेट काढली, पाइपचे खांबही उपटले.

उन्हं कलली तेव्हा मादी आली. थबकली, पुन्हा आली. पाण्यात तोंड घातलं ते कितीतरी वेळ वर काढलंच नाही. पिल्लू तिच्या पोटाखाली लुचत होतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी क्लायंटनं विचारलं, "शेड कुठाय?" सालेमनं पिणाऱ्या मादीकडे बोट दाखवलं. क्लायंटनं सही केली. साहेबांनी ड्रॉइंग बदललं, मला मात्र आठवडाभर तोंड दाखवलं नाही.

काम झालं की नाही, ते वापरणाऱ्याला विचारावं. त्याला बोलता येत नसेल, तर थोडं लांब जाऊन बसावं.