प्रॉम्प्टरचं घर

बडोद्याच्या हौशी मराठी रंगभूमीवर ज्यांनी ज्यांनी तोंडाला रंग लावला, त्या प्रत्येकाच्या कानात लक्ष्मणराव शितोळ्यांचा आवाज मुरलेला आहे. प्रेक्षकांनी मात्र तो कधीच ऐकला नाही. दिवसभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पावत्या फाडायच्या आणि संध्याकाळी विंगेत स्टुलावर बसून, संहितेवर बोट ठेवून, नटांना ओळी पुरवायच्या. वाडवडील गायकवाड सरकारच्या पागेत होते; हे विंगेत तैनात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अशीच काढली.

ओळ पुरवणं कुणालाही जमेल. खरी विद्या पुढची आहे. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं! भरल्या थिएटरात राजा सिंहासनावरून उठतो, बोलायला तोंड उघडतो आणि गप्प होतो. त्या गप्प राहण्यातच सगळं नाटक असतं. तिथं विंगेतून शब्द आला, की संपलंच. लक्ष्मणरावांच्या हातून असा घात एकदाही झाला नाही. नटाच्या नुसत्या खांद्यांकडे बघून त्यांना कळायचं. कितीतरी जणांची अब्रू या माणसानं अंधारात बसून राखली आणि पडदा पडल्यावर चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “छान झाला हं प्रवेश!”

घरी मात्र ही विद्या चपलांबरोबर दाराबाहेरच राहायची.

त्यांच्या पत्नी अहल्याबाई बडोद्याजवळच्या पादरा गावच्या. बोलणं संथ. वाक्य सुरू करायच्या, मध्ये थांबायच्या, जणू टोपलीतून एकेक वांगं निवडून घेतायत, आणि मग पुढचा शब्द. लक्ष्मणरावांना तेवढा दम कुठला? त्या थांबल्या, की हे ओळ पुरवून मोकळे. दुकानात त्या म्हणाल्या, “मला ती जरा…” की हे म्हणायचे, “हिरवी द्या हो!” डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? “इथं, म्हणजे…” “पाठीत!” बिचाऱ्यांचा गुडघा दुखत होता. महिनाभर पाठीला मलम चोळलं. आणि गंमत बघा, यात आपलं काही चुकतंय असं लक्ष्मणरावांना कधी वाटलंच नाही. बायकोची किती काळजी घेतो आपण, याच समाधानात ते.

नव्वद सालानंतर बडोदं झपाट्यानं वाढू लागलं. मकरपुऱ्याकडे नव्या सोसायट्या उठल्या, स्टेशनजवळ उंच इमारती आल्या, आणि घरासाठी कर्ज काढायला नोकरदार माणूस बिचकेनासा झाला. त्याच सुमारास लक्ष्मणरावांची निवृत्ती जवळ आली. प्रतापनगरचं रेल्वे क्वार्टर सोडावं लागणार होतं. जन्मात पहिल्यांदाच शितोळे स्वतःचं घर घेणार होते, आणि दुसऱ्यांदा घेण्याची ऐपत नव्हती. जे घेऊ, तेच शेवटचं.

शोधता शोधता दोन घरं उरली. एक सयाजीगंजात, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली रिक्षांचा गोंगाट, समोर हॉस्टेल. दुसरं तरसालीला, बडोद्यात ज्याला टेनामेंट म्हणतात तसं बैठं, स्वतंत्र. पुढं अंगण, अंगणात सीताफळ, ओटीवर हिंचका म्हणजे झोपाळा, मागं भांडी घासायची चोकडी.

लक्ष्मणरावांचा जीव सयाजीगंजात अडकला होता. तालमीची खोली तिथून चालत जाण्यासारखी. पण तेवढ्याचसाठी त्यांनी तो फ्लॅट मनातून काढून टाकला. आपल्या हौसेपायी हिनं आयुष्यभर जेवण झाकून वाट पाहिली. आता तरी तिच्या मनासारखं होऊ दे. पूर्वी एकदा ती म्हणाली होती, “या क्वार्टरला अंगण…” आणि यांनी पुरं केलं होतं, “हवं होतं, नाही?” तेव्हापासून हिला अंगणाची ओढ आहे, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. मन मोठं करून त्यांनी तरसाली ठरवली आणि दसरा झाल्यावर बानुं, म्हणजे विसार, द्यायला तिघं निघाली. तिसरी त्यांची लेक शलाका. कॉम्प्युटर क्लासात शिकवायची आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही.

घरमालक जयंतीभाई मुलाकडे सुरतेला राहायला जाणार होते. त्यांनी अहल्याबाईंना हिंचक्यावर बसवलं, चहा आणवला आणि अगत्यानं विचारलं, “बेन, तमने केवुं लाग्युं घर?”

“मने तो…” अहल्याबाई थांबल्या.

“बहु गम्युं!” फार आवडलं, असं लक्ष्मणरावांनीच सांगून टाकलं.

“तसं नाही, मला वाटतं…”

“तुळस कोपऱ्यात लावू. वाटतंय ना तुला तसंच?”

शलाकानं कप खाली ठेवला. “बाबा, एक विचारू? स्टेजवर तुम्ही कधी कुणाचा पॉज तोडलात?”

“छे! भलतंच काय?”

“मग आईचे का तोडता? ती विसरलेली नाही, बाबा. ती थांबलीय. लग्न झाल्यापासून तिचं एक तरी वाक्य तिनं स्वतः संपवलंय का?”

“शलाके, परक्यांसमोर…”

“अंगण हवं, असं आई म्हणाली होती की तुम्ही?”

लक्ष्मणरावांनी हिंचक्याकडे पाहिलं. अहल्याबाईंचे खांदे सरळ होते. मान किंचित वर. विसरलेल्या नटाचे खांदे पडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इतकी वर्षं हे खांदे समोर होते, आणि आपण कधी पाहिलेच नाहीत! त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

आत कुकरची शिट्टी झाली. अहल्याबाईंनी पायानं हिंचका थांबवला.

“मला हे घर नको,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या. लक्ष्मणरावांचे ओठ हलले. त्यांनी ते दातांखाली धरले. “अंगण मी पादऱ्याला लग्न होईपर्यंत झाडलंय. सडा, शेण, पाचोळा. पुरे झालं. इथं दुपारी चिटपाखरू नसतं. तुम्ही तालमीला, ही क्लासला. मी काय सीताफळाशी गप्पा मारू?” पुन्हा थांबल्या. “मला सयाजीगंज हवं. गॅलरीत उभं राहिलं की माणसं दिसतात. आणि समोरच्या हॉस्टेलात नागपूर-जळगावकडनं शिकायला आलेली मुलं आहेत. फ्लॅट बघून उतरलो त्या दिवशी खाली त्यातला एक मुलगा भेटला. म्हणाला, मावशी, वरणभात खाऊन किती दिवस झाले. मला…”

ही थांबण्याची जागा सगळ्यांत लांब होती. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी शब्द पुरवला नाही.

“मला डबे द्यायचेत. माझ्या हातचे. लोकांनी म्हणावं, अहल्याबाईंचा डबा.”

जयंतीभाई मोठ्यानं हसले. “बेन, घर तो मनथी ज लेवाय! शितोळेभाई, बानुं खिसामां पाछुं मूको.” विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हातचं गेलं, तरी त्या भल्या माणसानं पिशवी भरून सीताफळं बरोबर दिली.

परतताना रिक्षात लक्ष्मणरावांनी सीताफळांची पिशवी मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाले, “अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“सुरुवात तर रोज करत होते की.”

एवढंच म्हणाल्या, तेही हसून. पण लक्ष्मणरावांना ते आतपर्यंत लागलं, आणि लागता लागताच त्यांचा ऊर कृतज्ञतेनं भरून आला. दुसरी कुणी असती तर केव्हाच बोलणं सोडून बसली असती. ही दर सकाळी नव्यानं वाक्य सुरू करत राहिली. आज ना उद्या हा माणूस ऐकेल, एवढा भरवसा आपल्यावर कुणी ठेवावा! आणि लेकीला तरी देवानं काय जीभ दिली! त्यांनी मनातल्या मनात दोघींना हात जोडले.

दिवाळीनंतर शितोळे सयाजीगंजात राहायला आले. सामान चढवणाऱ्या दोघांनी लोखंडी कपाट पाठीवर घेऊन दुसरा मजला गाठला. अहल्याबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.

“काकी, क्यां मूकीए?” कपाट कुठं ठेवायचं, ते पुढच्यानं धापा टाकत विचारलं.

“ते ना, असं…” अहल्याबाई थांबल्या आणि एकेका भिंतीकडे बघू लागल्या.

“काका, तमे कहो ने! वजन छे!”

लक्ष्मणरावांनी पुढं होऊन कपाटाखाली स्वतःचा खांदा दिला. “उभा रहो, भाई,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “बाई बोलतायत.”