साळवीकाकांची तोफ जप्त झालीच नव्हती

साळवीकाका आज सकाळी गेले, आणि फेसबुकवर त्यांच्या फोटोखाली एक माणूस दात काढतोय.

थू!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

2005 साली सौदीत, अल-खोबरच्या कंपनीच्या कॅम्पात काका आणि मी एका खोलीत. काका डिझायनर, दिवसभर पंपांची ड्रॉइंग काढायचे. जीव मात्र जुन्या युद्धनौकांच्या तोफांत.

रत्नागिरीहून त्यांच्या मुलीनं, मुग्धानं, फोनवर विचारलं, "बाबा, एवढा मोठा बार उडतो, मग तोफच कशी फुटत नाही?"

झालं! काका पेटले.

"अगं, नुसती जाड नळी केली तर ती आतून तडकते. म्हणून नळीवर नळी. बाहेरची तापवून चढवायची. थंड होताना ती आतलीला अशी आवळते, की बार उडाला तरी आतली टिकते."

साहेबांना विचारून, ड्युटी संपल्यावर, भंगारातल्या स्टीलची हातभर तोफ केली त्यांनी. एक बाजू कापून उघडी ठेवली. पोरीला आतल्या नळ्या दिसाव्यात म्हणून.

आपल्याकडे सुट्टीवर निघालेला माणूस बाकीच्यांची पार्सलं नेतो. तेव्हा हे दात काढणारे महाशय निघाले होते.

शहरात नुकताच गोळीबार होऊन गेलेला, सगळेच टरकलेले. तोफ देताना काकांनी स्वतः विचारलं, "भीती वाटत असेल तर आत्ताच नाही म्हण बाबा. मला राग नाही यायचा."

"काय काका! पोचलीच समजा."

मग मुंबईहून याचा फोन. "सॉरी काका, दमाम एअरपोर्टला कस्टम्सनं काढून घेतली."

काका घाबरले. तोफेसाठी नाही हो, याच्यासाठी! "तुझ्या इकाम्याला काही झालं नाही ना रे?" इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना.

हा परत आल्यावर काकांनी याला सुरमई करून घातली. हात जोडून माफी मागितली.

आणि यानं ती खाल्ली. वर रस्सा मागून घेतला.

तोफ पोचली नाही तेव्हा मुग्धा फोनवर म्हणाली होती, "केलीच नव्हतीत ना बाबा? तुम्ही नेहमी असंच सांगता."

काकांनी पुन्हा तोफेचं नाव काढलं नाही.

आज याची कमेंट: "आरआयपी काका. आता सांगायला हरकत नाही, तोफ मी एअरपोर्टला नेलीच नाही. कॅम्पमागच्या कचऱ्यात, खलास! हा हा."

त्यावर लोकांचे लाइक. शिसारी आली मला.

'नाही' म्हणायचं होतंस रे, नालायका. एवढंच.

मुग्धा, ही पोस्ट तुझ्यासाठी आहे. बाबांनी तोफ केली होती. मी हातात धरली आहे. खालच्या बाजूला तुझं नाव कोरलं होतं.

काका, निघा आता. पोरीला मी सांगितलंय.